खड्ड्यातली दुपार

झाडाची उंची मोजायची तर बुंध्यापासून बरंच मागं सरावं लागतं. एक डोळा मिटायचा, दुसरा यंत्राला लावायचा आणि शेंड्याकडं बघत उभं राहायचं. तेवढा वेळ आपल्या पाठीमागं काय चाललंय ते कळत नाही. मी हे काम बरीच वर्षं करतेय, पण हल्ली शेंड्याकडं बघायच्या आधी एकदा वळून मागं बघते. सोबतच्या नव्या पोरांना वाटतं, मॅडम बिबट्याला भितात. मी त्यांना तसंच वाटू देते.

माझं काम सांगायला सोपं आहे, पण ऐकणाऱ्याला ते पटत नाही. पाटोद्याकडच्या डोंगरउतारांवर जंगलाचे काही चौकोन आखून ठेवलेले आहेत. त्या चौकोनातली तीच ती झाडं आम्ही ठरावीक काळानं पुन्हा जाऊन मोजतो. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घेतो, यंत्रानं उंची घेतो. मागच्या मापात आणि आताच्या मापात जो फरक पडतो ती त्या झाडाची वाढ. आणि वाढ का झाली, का नाही झाली, हे बघायला खाली माती किती खोल आहे ते तपासतो. कुठली जमीन किती झाड पोसू शकते, एवढंच शेवटी आम्हाला सांगायचं असतं.

मी परळीची. वडील वीज केंद्रात होते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि आई ते पुन्हा झटकायची, हे बघत मी मोठी झाले. झाडांचं शिक्षण घ्यायचं कुठून डोक्यात आलं कोण जाणे. पण नोकरी लागली आणि डोंगरात जायला मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. डोंगरात मला कधी भीती वाटली नव्हती. साप निघायचे, रानडुकरं आडवी जायची, एकदा आग्या मोहोळ उठलं तेव्हा आम्ही ओढ्यात तोंड खुपसून पडलो होतो. संध्याकाळी जेवताना ती हसायची गोष्ट व्हायची.

कामातला माझा जोडीदार लातूरकडचा. माझ्याच वयाचा, अंगानं किडकिडीत आणि फार बोलका. काम करताना जुनी गाणी म्हणायचा, आणि ऊन लागू नये म्हणून दिवसभर लिंबू पिळलेलं पाणी प्यायचा. त्याच्या पिशवीत टेप नसला तरी चालेल, लिंबं असायचीच.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. कोणी जवळच कडा गावाच्या बाजूला, कोणी पार कोल्हापूर, कर्नाटकात ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, कोंबड्या, लहान लेकरं चढतात. शाळेत जाणारी पोरं मागं राहतात, कुणाच्या तरी हवाली केलेली. अशा दिवसांत गावातून चालताना दारांना कुलपं दिसतात आणि ओट्यावर म्हातारी माणसं आणि दुसऱ्यांची पोरं दिसतात.

त्याच दिवसांत मोबाईलवर एक अफवा फिरत होती. गुप्तधन काढणारी टोळी आली आहे, डोंगरात खड्डे खणतात, धन वर यावं म्हणून त्यांना लहान पोर लागतं. पाटोद्यात चहाच्या टपरीवर आम्ही ती ऐकली. टपरीवाला म्हणाला, "हसू नका साहेब. पलीकडल्या तालुक्यात झालंय म्हणं." जोडीदार हसला. मीही हसले.

ज्या वाडीच्या वरच्या उतारावर आमचा चौकोन होता तिथल्या सरपंचाला मी फोन केला होता. "या की, कवा बी या, आपलंच हाय," असं तो म्हणाला होता. तो ऊसतोडीचा मुकादमही होता, आणि फोन झाल्यावर आपली मजुरांची टोळी घेऊन निघून गेला होता. आम्ही येणार आहोत हे वाडीत त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आम्ही सकाळी लवकर वर चढलो. मजूर यायचा होता तो आलाच नाही. मग दोघांनीच काम उरकलं. त्या उतारावर धावडा आहे, सालई आहे, कधीकाळी लावलेला साग आहे. साग कसला, काठ्याच. बाकी सीताफळाची झुडपं दाट. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला, जिथं टेप लावायचा तिथं, लाल ऑइल पेंटचा पट्टा ओढायचा असतो, म्हणजे पुढच्या वेळी माप त्याच जागी पडतं. पट्टे ओढता ओढता माझे हात कोपरापर्यंत लाल झाले.

मग खड्डा. मातीचे थर बघायला माणूस उभा राहील एवढा लांबरुंद खड्डा लागतो. कुदळ आणि फावडं आळीपाळीनं घेत आम्ही तो कंबरेच्या वर नेला. वर वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, त्याच्याखाली सरळ खडक. सागाच्या काठ्या का झाल्या ते तिथंच कळत होतं. प्रत्येक थरातली माती कापडी पिशव्यांत भरली. त्या पिशव्या न्यायला दोन रिकामी पोती आणली होती, ती काठावर पसरून ठेवली. जोडीदारानं लिंबू कापलं, अर्धं पाण्यात पिळलं आणि अर्धं खड्ड्याच्या कडेला दगडावर ठेवलं.

तेवढ्यात एक बाई सरपणाची मोळी घेऊन वरून आली. मी खड्ड्यातून म्हणाले, "राम राम, मावशी." तिनं उत्तर दिलं नाही. आधी खड्ड्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. मोळी तिथंच टाकली आणि झपाझप खाली निघून गेली.

"काय झालं तिला?" जोडीदार म्हणाला.

"लाजली असेल," मी म्हणाले, आणि कुदळ उचलली.

आधी आवाज आला. खालच्या सीताफळांमधून, बऱ्याच पायांचा. मला वाटलं गुरं असतील. पण गुरं चालताना मधेच थांबतात, हे पाय थांबत नव्हते. मी खड्ड्यातून वर आले तोवर माणसं झुडपांतून बाहेर निघाली होती. काही म्हातारे, काही बाया, आणि पुढं तरुण पोरं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कुऱ्हाड, एकाच्या हातात नुसता दगड.

"काय करायलाव बे हितं?" पुढचा पोरगा म्हणाला. त्याचा श्वास चढलेला होता.

"झाडं मोजतोय, दादा," जोडीदार नेहमीच्या हसऱ्या तोंडानं म्हणाला.

"झाडं मोजून काय करायलाव?"

"ती किती वाढली ते बघतोय."

"आन् खड्डा कावून खंदला?"

"माती बघायला."

"माती वरून दिसत न्हाई व्हय?"

कोणी हसलं नाही. जोडीदार समजावून सांगायला लागला, थर, मुळं, पाणी. तो बोलत असताना मी लोकांच्या डोळ्यांकडं बघत होते. कोणी त्याचं ऐकत नव्हतं. सगळे एकेक वस्तू बघत होते. लाल पट्टे ओढलेली झाडं. कुदळ. पोती. एका म्हाताऱ्यानं वाकून दगडावरचं अर्धं लिंबू उचललं, सगळ्यांना दिसेल असं धरलं, आणि हात भाजल्यासारखं खाली टाकलं.

"लिंबू हाय," तो म्हणाला. "शेंदूर बी हाय."

"शेंदूर नाही हो, रंग आहे," मी म्हणाले आणि हात पुढं केले. हात पुढं करायला नको होते. बाया मागं सरकल्या.

"पोरगी कुठं हाय?" काठीवाल्या पोरानं विचारलं.

"कुठली पोरगी?" जोडीदार म्हणाला, आणि काठी त्याच्या डोक्यात बसली.

तो आवाज मी कुणालाही नीट सांगू शकलेले नाही. ओलं लाकूड फुटावं तसा. तो गुडघ्यावर बसला, हात डोक्याला लावला, आणि बोटांमधून रक्त आलं तेव्हा त्याच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. मी ओरडले. गळ्यातलं ओळखपत्र काढून दाखवलं. कोणीतरी ते हिसकावलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणालं, "असली कारडं दुकानात मिळत्यात." आमचे मोबाईल काढून घेतले.

तुटक तुटक ओरडण्यातून मला जे कळलं ते असं. वाडीतली एक सात-आठ वर्षांची पोरगी सकाळपासून सापडत नव्हती. आईबाप ऊसतोडीला गेलेले. ती चुलतीकडं राहत होती. सकाळी शेळ्यांमागं म्हणून याच डोंगराच्या बाजूला आली ती परतली नव्हती. तिला शोधायला माणसं निघतच होती, आणि मोळीवाल्या बाईनं खाली येऊन सांगितलं की वर दोन परकी माणसं खड्डा खणतायत, बाईचे हात लाल आहेत.

"उतरा खाली," कोणीतरी म्हणालं.

आम्ही आमच्याच खड्ड्यात उतरलो. दोघांना बसायला तो अपुरा होता, गुडघे छातीशी घेऊन बसलो. मी ओढणी त्याच्या डोक्याला बांधली, ती लगेच भिजली. वर काठावर चारी बाजूंनी पाय होते, आणि पायांच्या वर आकाश. आकाश इतकं निळं होतं की त्याचा राग आला. माझ्या तोंडाशी मातीचा थर होता, त्यातून गवताची पांढरी मुळं बाहेर लोंबत होती. मी त्या मुळांकडं बघत राहिले, कारण वर बघायचं धाडस होत नव्हतं.

"आपल्याला मारतील का?" जोडीदारानं हळूच विचारलं.

मला "नाही" म्हणायचं होतं. मी नुसती मान हलवली. त्यानं त्याचा काय अर्थ घेतला माहीत नाही.

वर एक पोरगा मोबाईलवर आमचं चित्रण करत होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात दगड. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली. काठीवाल्याचा चेहरा तरी दिसत होता, घामानं आणि संतापानं भरलेला. याचा चेहरा मोबाईलच्या मागं होता. तो मधून मधून म्हणायचा, "वर बघ, ये बाई, वर बघ." माझ्या मनात आलं, आईला हे कोणीतरी दाखवेल. मग वाटलं, देवा, तिच्या मोबाईलवर येऊ देऊ नको. त्या वेळी मी दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

"बोलत न्हाईत तर टाका वरून माती," मागून एक आवाज आला. कोणी टाकली ते दिसलं नाही, पण पहिलं ढेकूळ माझ्या खांद्यावर पडलं. दुसरं जोडीदाराच्या पाठीवर. तो लहान पोरासारखा माझ्या कुशीत सरकला. मी त्याच्या डोक्यावर हात धरले आणि डोळे मिटले. पुढचं ढेकूळ आलं. मग थांबलं.

डोळे उघडले तर काठावर एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, पळत आलेली, चपला हातात. तिचं तोंड बघून मला कोणी सांगायची गरज राहिली नाही. ही चुलती.

ती काठावर उकिडवी बसली. तिचा आवाज अगदी खाली होता, जणू आम्ही दोघीच तिथं आहोत.

"पोरी, खरं सांग. मपली पुतणी कुठं हाय?"

"मला माहीत नाही, मावशी. देवाशपथ. आम्ही तिला बघितलं पण नाही."

"जित्ती हाय का, तेवढं सांग."

मी रडायला लागले. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिला माझं पटलं असं मी म्हणणार नाही. तिच्या डोळ्यांत विश्वास नव्हता, दयाही नव्हती. मग तिनं चपला बाजूला ठेवल्या आणि पाय खड्ड्यात सोडून काठावर बसकण मारली.

"काकू, सरक तिथून," मोबाईलवाला म्हणाला.

"न्हाई सरकत. पोरगी घावंस्तोवर ह्यांला कुणी हात लावायचा न्हाई. हे मेले तर ती कुठं हाय ते सांगणार कोण? तू सांगतूस?"

ढेकळं थांबली, कारण आता ती तिच्या अंगावर पडली असती.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येत नाही. ऊन खड्ड्याच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. काही माणसं पोरीला शोधायला डोंगरात पांगली होती, त्यांच्या हाका ऐकू यायच्या. ते तिचं नाव घ्यायचे, मग शांत व्हायचे, मग आणखी लांबून नाव घ्यायचे. मीही मनात तिला हाका मारत होते. ये बाई, कुठं असशील तिथून ये. तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते वेगळं करता येणार नाही.

चुलतीचे पाय माझ्या चेहऱ्याजवळ होते. टाचेला भेगा, एका भेगेत काटा मोडलेला. ती मधेच आपल्याशीच बोलायची. "रोज सांजच्याला फोन येतो तिच्या आईचा. फडावरून. आज आला तर काय सांगू?" थोड्या वेळानं परत, "लेकरू माझ्या भरवशावर टाकून गेलते." काठावर उभे असलेले लोक तिच्याकडं बघत नव्हते.

जोडीदाराला झापड यायला लागली होती. मला डोक्याच्या माराची भीती होती, म्हणून मी त्याला चिमटे काढत होते. "गाणं म्हण," मी त्याच्या कानात म्हणाले. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तेव्हा चुलतीनं खाली बघितलं आणि कुणाला तरी म्हणाली, "पाणी द्या त्याला. मरंल तो." बाटली खाली आली. आमचीच, लिंबू पिळलेली. देणाऱ्यानं आधी मला प्यायला लावलं, विष नाही ना ते बघायला.

मग डोंगराच्या माथ्यावरून शिट्टी वाजली. मेंढपाळ मेंढरांना देतात तशी, लांब. मागोमाग आरोळी, "घावली! घावली रं!"

पलीकडच्या उतारावर मेंढरं चारणारा एक माणूस पोरीला खांद्यावर घेऊन येत होता. करडाच्या मागं पळताना ती घळईत घसरली होती, पाय मुरगळला होता. रडून रडून तिथंच झोपली. त्याच्या कुत्र्यानं तिला हुडकलं. हे सगळं तो माथ्यावरूनच ओरडून सांगत होता.

चुलती उठायला गेली, पण पाय बधिर झाले होते, उठता येईना. ती तशीच गुडघ्यांवर चार हात पुढं गेली. पोरीला खाली उतरवलं तेव्हा आधी तिच्या मुस्काटात मारली आणि मग तिला पोटाशी धरून असा हंबरडा फोडला की पोरगी घाबरून तिच्याहून मोठ्यानं रडायला लागली.

आमच्याकडं कोणी बघत नव्हतं. मी काठाला धरून वर यायचा प्रयत्न करत होते, हाताखालची माती ढासळत होती. शेवटी लिंबू उचलणाऱ्या म्हाताऱ्यानं हात दिला. आम्ही वर आलो तोवर निम्मे लोक निघून गेले होते. काठ्या, कुऱ्हाडी पाठीमागं धरून ते उतरत होते, लग्नातून उशीर झाल्यावर माणसं निघतात तसे, घाईघाईनं. एकानं माझा मोबाईल सदऱ्याला पुसून परत दिला. "गैरसमज झाला, ताई," तो म्हणाला. दुसऱ्यानं मोटारसायकल काढली आणि जोडीदाराला मधे बसवून आम्हाला पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं. डोक्याला टाके पडले. संध्याकाळी पोलिसांनी जबाब घेतले.

जोडीदारानं तक्रार दिली. ज्यानं काठी मारली त्याला त्यानं ओळखलं, मी साक्ष दिली. तो चुलतीचा मोठा मुलगा निघाला. प्रकरण अजून चालू आहे.

जोडीदार पुन्हा डोंगरात आला नाही. डोक्याची जखम भरली, पण माणसांच्या गर्दीत त्याला घाम फुटतो. आता तो लातुरात भावाच्या दुकानात बसतो. फोन करतो, पावसापाण्याचं विचारतो. कामाचं विचारत नाही.

मी राहिले. धीट होते म्हणून नाही. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. सुरुवातीला झाडाभोवती टेप गुंडाळताना माप चुकायचं. झुडपात पान हललं तरी मी टेप सोडून मागं बघायचे. घरी आईला मी यातलं निम्मंच सांगितलंय.

पण माप दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय वाढ कळत नाही, म्हणून त्या वाडीला पुन्हा जावंच लागलं. या वेळी वनरक्षक सोबत होता, आणि मी आधी गावात गेले. चुलती दारात शेंगा निवडत होती. तिनं मला लगेच ओळखलं. मला वाटलं, मुलाचं काढेल, शिव्या देईल. तिनं पाट दिला, चहा ठेवला.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "त्यानं मारलं ते मारलंच. मी न्हाई म्हणत न्हाई. पर तो बी भ्यालता. आमी समदेच भ्यालतो."

"मी पण, मावशी," मी म्हणाले.

"तुमी भ्यालता ते दिसत व्हतं," ती म्हणाली. "आमचं कुणाला दिसलं न्हाई."

तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. उंच झाली होती, दोन वेण्या. मी आनंदानं तिला हाक मारली. त्या दुपारी मी तिच्या नावानं किती विनवण्या केल्या होत्या, तिला कुठं माहीत असणार. तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवीतून डोकावणाऱ्या टेपकडं बघितलं, आणि दप्तर टाकून घरात पळाली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

चुलती ओशाळली. "काय करावं, गावात पोरं ऐकत न्हाईत तवा बाया तुमचं नाव सांगत्यात," ती म्हणाली. "खड्ड्यावाली येईल म्हणून."

मी कप खाली ठेवला. वनरक्षक बाहेर वाट बघत होता, ऊन वर चढत होतं. मी चुलतीला येते म्हणाले आणि डोंगराच्या वाटेला लागले. खिडकीच्या फटीतून ती पोरगी मला जाताना बघत असणार असं वाटत होतं. तिला आणखी भीती वाटू नये म्हणून मी मागं वळले नाही.